केगचा गॅस गळतोय: साबणाचं पाणी की दाबाची चाचणी?

केगला (बिअर दाबाखाली साठवायच्या स्टीलच्या पिंपाला) जोडलेला, भरून आणलेला ५ पौंडी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आठवड्यात रिकामा झाला, तर बिअरवर खापर फोडू नका. १९ लिटरच्या कॉर्नी केगमधल्या बिअरला नेहमीइतका फसफसाट यायला १०० ग्रॅमही गॅस लागत नाही आणि सिलिंडरमध्ये असतो सव्वादोन किलो. केगचा फ्रिज तळघरातल्या बंद खोलीत असेल तर आधी दार उघडा. तेवढा सगळा गॅस १५ घनमीटरच्या खोलीत साचला तर हवेत ८ टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि ४ टक्क्यांनाच जिवाला धोका असतो.

बहुतेक जण लगेच साबणाचं पाणी फवारतात. स्वस्त काम, आणि गळती डोळ्यांना दिसते. पण बारीक गळतीचा बुडबुडा फुगायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात आपण पुढच्या जोडावर गेलेलो असतो.

दाबाच्या चाचणीला रात्र जाते, पण चूक क्वचितच होते. केग नळ्यांपासून सोडवा, रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून गॅस नळीत सोडणारा भाग) १२ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) ठेवा, नळ्यांत गॅस भरला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. लक्ष रेग्युलेटरवरच्या, सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर हवं. व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये गॅस इतका थोडा अडकलेला असतो की किंचित गळतीनेही तो काटा ८०० पीएसआयवरून खाली घसरतो. घसरला, तर रेग्युलेटरच्या तोंडाची तोटी बंद करून पुन्हा बघा. तरीही घसरला तर सिलिंडरचा वॉशर (फायबरचा असेल तर दर भरणीला नवा घाला) किंवा रेग्युलेटरच दोषी. टिकला तर गळती पुढे, नळ्या-क्लॅम्पमध्ये. फ्लेअर नटवर (नळीच्या टोकाच्या आट्यांच्या नटवर) टेफ्लॉन टेप गुंडाळून काही होत नाही, तिथे नायलॉनचा वॉशर बदला.

केग मात्र या चाचणीत फसवतो. ताजी बिअर गॅस शोषते, आणि रिकामा केग ३० पीएसआयला भरून २५ अंशांवरून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवला तर गळती नसतानाही काटा २७ वर येतो.

म्हणून केगला साबणच बरा, तोही ५ पीएसआयवर. ३० ला झाकण आतून दाबलं जाऊन ओ-रिंग (रबरी कडं) घट्ट बसते आणि दोष लपतो. पोस्टवर (केगच्या डोक्यावरच्या, नळी जोडायच्या तोंडावर) डिस्कनेक्ट (नळीच्या टोकाचा जोड) लावल्यावरच बुडबुडे आले तर पोस्टची ओ-रिंग गेली, काढल्यावरच आले तर पॉपेट (पोस्टच्या आतली स्प्रिंगची झडप). पोस्टच्या बुडाशी आले तर आतली डिप ट्यूबची (पोस्टखालून केगमध्ये उतरणाऱ्या नळीची) ओ-रिंग. ही शेवटची बारीक रिंग नवा संच घालतानाही बरेच जण विसरतात.

बादलीत बुडवून बघायचं तर सुटे डिस्कनेक्ट आणि नळ्याच; रेग्युलेटर नाही, गेजमध्ये पाणी शिरतं.

एका रात्रीचा वेळ असेल तर दाबाची चाचणी आधी, म्हणजे साबण कुठे मारायचा ते कळेल. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर थेट झाकण आणि पोस्ट फवारा, आणि वाढून झालं की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.