दत्तकपूर्व वैद्यकीय फाइल तपासणी: काहीशे डॉलर कुठे वसूल होतात, कुठे नाही

भारतातून गंभीर आजार असलेलं मूल दत्तक घ्यायचं ठरलं, की अमेरिकेतल्या मराठी घरांत एक प्रश्न निघतोच: फाइल मोठ्या बालरुग्णालयाच्या दत्तक क्लिनिकला दाखवायची, की ओळखीतल्या बालरोगतज्ज्ञाकडून काम भागवायचं? आमचं मत क्लिनिकच्या बाजूने. ओळखीतला डॉक्टर नातं सांभाळून बोलतो आणि अनाथालयासारख्या संस्थेत वाढलेल्या मुलांच्या फायली त्याने फारशा पाहिलेल्या नसतात. मिनेसोटा विद्यापीठाचं क्लिनिक १९८६ पासून हेच काम करतं. नंतर इतर बालरुग्णालयांतही ही सोय झाली. फी साधारण काहीशे डॉलर, तीही खिशातून. मूल अजून कायद्याने तुमचं नसतं, त्यामुळे विमा सहसा लागू होत नाही.

कारा, म्हणजे भारत सरकारच्या केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या, पोर्टलवर मूल राखून ठेवल्यावर होकार कळवायला ३० दिवस असतात. क्लिनिक मात्र आधीच शोधून ठेवा. फाइल हातात पडल्यावर भेटीची वेळ मागत बसलात, तर पहिला आठवडा त्यातच जातो. पोर्टलवर चाइल्ड स्टडी रिपोर्ट (मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल) आणि वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो. एवढंच पाठवलंत तर उत्तरही मोघमच येईल. वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांच्या किमान तीन नोंदी तारखांसह मागा. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे उंचीची साधारण एक महिन्याची वाढ मागे पडते, हा या क्षेत्रातला जुना आडाखा. त्यामुळे नुसत्या कमी उंचीने डॉक्टर घाबरत नाहीत. डोक्याच्या घेराची रेघ आलेखावर खाली खाली सरकत असेल, तर मात्र थांबतात. सोबत तीन-चार मिनिटांचा, काटछाट न केलेला व्हिडिओ हवा. त्यात नाव घेतल्यावर मूल वळतं का, दोन्ही हात सारखे वापरतं का, आधार न घेता उठतं का, हे दिसलं पाहिजे. वाढदिवसाचा केक कापतानाचा व्हिडिओ निरुपयोगी.

या सेवेचं खरं मोल एका ओळीच्या निदानांत आहे. ‘जन्मजात हृदयविकार’ एवढंच लिहिलेलं असतं. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं लहान छिद्र बरेचदा आपोआप बुजतं. मोठं छिद्र तसंच राहिलं, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर ते बंद करणंच धोक्याचं ठरतं. म्हणून इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) पूर्ण अहवाल हवा: छिद्र किती मिलिमीटर, फुप्फुसाचा दाब किती, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन किती. थॅलेसेमिया मेजर (वारंवार रक्त चढवावं लागणारा आनुवंशिक आजार) असेल तर रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) आणि लोह उतरवणारं औषध सुरू आहे का, हे विचारा. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागणार हे ठरलेलंच. त्या रक्तातून हृदय-यकृतात लोह किती साठलंय, हा खरा प्रश्न. ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ ही नोंद दीड वर्षाखालच्या बाळाबद्दल असेल, तर आधी पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी, मागा. साध्या चाचणीत दिसणाऱ्या अँटिबॉडी आईकडून आलेल्या असू शकतात.

जादा चाचण्या तुमच्या दत्तक एजन्सीमार्फतच मागाव्या लागतात. वीस चाचण्यांची यादी धाडली, की एकही वेळेत होत नाही. निर्णय बदलू शकतील अशा दोन-तीनच निवडा आणि त्या क्लिनिकलाच ठरवू द्या.

आता उणी बाजू. आईचं गरोदरपण, घराण्यातले आजार, जन्मवेळचा त्रास यांच्या जागा फाइलमध्ये बहुधा कोऱ्या असतात आणि त्या कुठलाही तज्ज्ञ भरू शकत नाही. ‘घ्या’ की ‘नका घेऊ’ हेही कुणी सांगणार नाही. कमी, मध्यम, जास्त जोखीम एवढंच कळेल. कागदपत्रांतल्या अडचणी तर या सेवेच्या बाहेरच्याच. गृहअभ्यास अहवालात (दत्तक घेणाऱ्या घराच्या पाहणीच्या अहवालात) विशेष गरजा असलेल्या मुलासाठी मंजुरी नसेल किंवा त्यातल्या अटींत मुलाचा आजार बसत नसेल, तर तो अहवाल सुधारून घेईपर्यंत आय-८००, म्हणजे मुलाला अमेरिकेत आणण्यासाठी इथल्या इमिग्रेशन खात्याकडे करायचा अर्ज, अडतो. नवराबायकोपैकी एकही अमेरिकी नागरिक नसेल, फक्त ग्रीन कार्ड असेल, तर हा मार्गच बंद. करसवलतीतही लोक फसतात. विशेष गरजांच्या मुलासाठी खर्चाचा हिशेब न मागता मिळणारी पूर्ण सवलत परदेशातून आणलेल्या मुलाला लागू नाही. तिथे प्रत्यक्ष झालेला खर्चच धरतात आणि तोही दत्तकविधी पूर्ण झाल्यावर. विम्याचं मात्र बरं आहे. नोकरीच्या योजनेत ३० दिवसांत नाव नोंदवलं, तर आधीचा आजार आहे म्हणून मुलाला नाकारता येत नाही.

बहुतेक क्लिनिक मूल घरी आल्यावरही तपासतात. ही भेट पहिल्या दोन आठवड्यांत घ्या. भारतातले अहवाल बाजूला ठेवून रक्तगणना, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, थायरॉइड, शिसं, क्षयरोग आणि शौच तपासणी नव्याने करतात, ते योग्यच. हिपॅटायटिस आणि एचआयव्ही सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे असतात, ती तारीख तेव्हाच लिहून घ्या. बीसीजी ही क्षयरोगाची लस दिलेली असल्याने त्वचेवरची क्षयरोग चाचणी फसवी निघू शकते. मूल दोन वर्षांवरचं असेल तर रक्तचाचणीचा आग्रह धरा. थॅलेसेमियाच्या मुलाला विमान धरण्याआधीच्या आठवड्यात रक्त चढवून घ्या, लोह उतरवणारं औषध हातातल्या बॅगेत ठेवा आणि इथल्या रक्तविकार विभागाची पहिली तारीख तिकिटं काढायच्या आधी पक्की करा.