दुखलं की ‘ऊर्जा उघडली’: नागपुरातल्या एका चीगाँग वर्गाचा अनुभव

त्रिमूर्ती नगर, प्रताप नगर, खामला या भागातल्या बागांमध्ये सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी हे कृपया शेवटपर्यंत वाचावं. घरी कुणाला बीपी, शुगर किंवा गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी तर नक्कीच. चीगाँग आणि ताई ची म्हणजे संथ हालचाली आणि श्वासाचे चिनी व्यायाम; त्यातली ताई ची मूळची लढण्याची कला. त्यांच्या नावाखाली आमचे ८८ हजार रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण ह्यांचा जीव थोडक्यात वाचला, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात मोफत शिबिराने झाली. शिकवणारा गोड बोलणारा, वेळेचा पक्का. आधीचे काही दिवस हलके ताण, संथ श्वास, हात वर-खाली. ह्यांची आखडलेली पाठ खरोखर मोकळी झाली. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, जन्मभर नोंदी तपासत आलेले. सहजासहजी कशावर विश्वास ठेवत नाहीत. पण गुण आलेला दिसत होता. आणि या व्यायामात गुण आहेही. २०१२ मध्ये अमेरिकेत पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. हा माणूस अशाच खऱ्या गुणाच्या आडून पुढचं सगळं विकत होता.

पुढे तीन महिन्यांचे १८ हजार. मग ‘ऊर्जा दीक्षा’ २५ हजार. मग ‘सात दिवसांत प्रशिक्षक’, ४५ हजार. पावती एकाही रकमेची नाही, यूपीआय तिसऱ्याच माणसाच्या नावावर.

फसवणुकीची खरी किल्ली मात्र वेगळीच होती. त्याच्याकडे प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर होतं. गुडघे खूप वाकवून अर्धा-अर्धा तास उभं राहायचं. मांड्या थरथरल्या की म्हणायचा, ऊर्जा जागी झाली. गुडघा सुजला की, ‘काका, जुनं ब्लॉकेज निघून राहिलं.’ डोकं जड झालं की, ‘शरीर साफ होऊन राहिलं, घाबरू नका.’ बरं वाटलं तर त्याचं श्रेय, त्रास झाला तर तीही प्रगती. अशा वर्गात माणसाने तक्रार करायची तरी कशाची? ज्याने थांबायचं ठरवलं, त्याला सगळ्यांसमोर ‘तुमचा विश्वास कमी पडला’ ऐकावं लागे. आणि शेवटी तो बोललाच: बीपीची गोळी ऊर्जेचा मार्ग अडवते, हळूहळू सोडा.

ह्यांनी मला न सांगता गोळी सोडली. त्यात पोटावर जोर देऊन श्वास कोंडायचा प्रकार सुरू झाला होता. एका सकाळी हे बागेतच कोसळले. दवाखान्यात बीपी २०० च्या वर होतं. डॉक्टरांनी समजावलं, जोर लावून श्वास रोखला की छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब उसळतो. गोळी बंद असलेल्याला हे जिवावर बेतू शकतं. मांड्यांचं थरथरणं म्हणजे थकलेला स्नायू. एवढं साधं कारण होतं.

त्याचं दुसरं भांडवल म्हणजे हात न लावता माणूस ढकलणं. जुने विद्यार्थी धडाधड मागे जायचे. माझा भाचा आखाड्यात कुस्ती खेळतो, तो म्हणाला, मास्टरजी, मला ढकला. तर ‘नवख्याला ऊर्जा सोसणार नाही’ म्हणून टाळलं. ताई चीमध्ये ढकलण्याचं कसब आहे, पण ते मनगटाला मनगट लावून, जोडीने सराव करून शिकतात. जोर पायातून, कमरेतून येतो. चीनमध्येच २०१७ साली छंगदू शहरात एका ताई ची मास्तराला शू श्याओदोंग या लढवय्याने अर्ध्या मिनिटाच्या आत हरवलं होतं. तेव्हा दाव्याला परीक्षा मागणं हा कुणाचा अपमान नाही.

वर्गातल्या एका मुलीबद्दल अजून काळजी वाटते. तासन् तास ध्यानाला बसवल्यावर तिची झोप उडाली, आवाज ऐकू येऊ लागले. तिला सांगितलं, तिसरा डोळा उघडतोय. चीनच्या मानसोपचारतज्ज्ञांनी चीगाँगमुळे होणाऱ्या मानसिक विकाराची त्यांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नोंद केली होती. म्हणजे हा धोका त्या देशात माहीत आहे. झोप उडाली, भास झाले, तर सराव त्याच दिवशी थांबवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. हिच्या आईने उशिरा का होईना, नेलं.

आता ह्यांना एका फिजिओथेरपिस्टच्या ओळखीतून दुसऱ्या शिक्षिका मिळाल्या आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. स्वतः कुणाकडे, कुठे, किती वर्षं शिकल्या ते न विचारता सांगितलं. उभं राहणं दोन मिनिटांपासून, गुडघे जेमतेम सैल, पायाच्या बोटांच्या पुढे जायचे नाहीत, श्वास कधीच कोंडायचा नाही. दुखलं की थांबवतात आणि कुठे दुखलं ते विचारतात. महिन्याचे पैसे महिन्याला, पावतीसकट. ‘गुप्त विद्या’ हा शब्द त्यांच्या तोंडून अजून ऐकला नाही. तशी गुप्तता नाहीच. चीनच्या क्रीडा प्रशासनाने २००३ च्या सुमारास चीगाँगचे चार जुने व्यायामसंच नीट बसवून सर्वांसाठी खुले केले, त्यातला आठ हालचालींचा बा दुआन जिन हे शिकत आहेत. गोळी रोज सकाळी नाश्त्याबरोबर चालू आहे.

त्या माणसाने आता जागा बदलली आहे आणि नव्या पत्रकावर ‘शुगर, बीपी मुळापासून बरं’ असं छापलं आहे. असे आजार चमत्काराने बरे करतो म्हणणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पत्रक हाती आलं तर फेकू नका, फोटो काढून ठेवा. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपचे संदेशही पुसू नका; पावती नसली तरी तेच पुरावे आहेत. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. आम्ही कागद जमवतो आहोत. त्या वर्गात ज्यांनी पैसे भरले, त्यांनी आपापली तक्रार जरूर करावी. एकापेक्षा जास्त तक्रारी आल्या तर त्याला ‘एकाचाच गैरसमज’ म्हणून सुटता येणार नाही.