किंगडम कम डिलिव्हरन्स: चार महिने खेळल्यावर, फक्त तलवारबाजीबद्दल

परवा रात्री पुन्हा तेच. गेममधल्या रात्ताय गावाच्या रस्त्यावर तीन लुटारू आडवे आले. लॉक, म्हणजे एकाच शत्रूवर खिळणारी नजर, एकावर बसलं, दुसरा पाठीमागे सरकला, लॉक सोडवेपर्यंत हेन्री, म्हणजे माझा नायक, गेलेला. सेव्हियर श्नॅप्सची, म्हणजे प्यायलं की गेम सेव्ह होतो त्या दारूची, एकच बाटली होती, पुढे लागेल म्हणून प्यायलो नव्हतो. शेवटचा सेव्ह सरायीत झोपलो तेव्हाचा. दीड तास पाण्यात.

२०१८चा गेम, सेलमध्ये घेतला. १४०३ सालचा बोहेमिया, लोहाराचा पोरगा, त्याला तलवार धरता येत नाही म्हणून सुरुवातीला मार खाणं बरोबरच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. स्टॅमिना संपला की पुढचा घाव थेट जिवावर, हेही पटतं.

माझं भांडण मास्टर स्ट्राइकशी आहे. वार येताना हिरवी ढाल क्षणभर चमकते, तेवढ्यात ब्लॉक दाबला की वार अडतो आणि उलटा घाव आपोआप बसतो. हे शत्रूलाही येतं! पाच दिशा, मध्ये भोसकणं, त्यातून कॉम्बो, म्हणजे ठरलेल्या क्रमाने घावांची साखळी, जुळवायचा. मी दोन घाव नीट लावतो, तिसऱ्याला समोरचा मास्टर स्ट्राइक मारतो, झाला कॉम्बो. चार महिन्यांत खऱ्या लढाईत पूर्ण झालेले कॉम्बो एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

दुसऱ्या महिन्यात मत बदललं होतं. गेममध्ये लढाई शिकवणाऱ्या कॅप्टन बर्नार्डकडे रिंगणात लाकडी तलवारीने दोन संध्याकाळी घासल्या, हात बसला, आणि वाटलं चूक माझीच होती. एकास एक लढत तर सोपीच झाली. पण ती सोपी कशाने झाली? गप्प उभं राहायचं, त्याने वार केला की बटण दाबायचं. जो पुढे होऊन मारतो तोच मार खातो. एवढी मेहनतीने रचलेली तलवारबाजी, आणि खेळणाऱ्याला ती वाट बघायला शिकवते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

गदा मात्र घ्याच. चिलखतवाल्यावर तलवार नुसती घासत राहते. गदेचा डोक्यावर एक घाव, शिरस्त्राणाचा ठण्ण आवाज, माणूस लडखडतो.

काल ती जपलेली बाटली आधी प्यायलो, गदा घेतली, त्याच रस्त्याला गेलो. लॉकच्या नादी न लागता मागे मागे सरकत तिघांनाही समोर ठेवलं. दोघे पडले. तिसऱ्याने हात वर केले.