बालगृहांसाठी भरती व प्रशिक्षण सेवा : प्रशिक्षण घ्यावे, भरती आपली आपण करावी

आमच्या बालगृहाने मागील आर्थिक वर्षात मनुष्यबळ व प्रशिक्षण पुरविणाऱ्या एका खासगी सेवेशी करार केला होता. समाजकार्यकर्ता, समुपदेशक व गृहमाता या पदांसाठी उमेदवार निवडून देणे, त्यांना निवासी प्रशिक्षण देणे आणि पुढील काही महिने संस्थेत येऊन त्यांच्या कामाची पाहणी करणे, अशा तीन बाबी करारात होत्या. सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. असा करार करण्याच्या विचारात असलेल्या विश्वस्तांना व अधीक्षकांना पैसे कशासाठी मोजावेत आणि कशासाठी मोजू नयेत याचा अंदाज यावा, एवढाच या परीक्षणाचा हेतू आहे.

भरतीचा भाग निराशाजनक ठरला. उमेदवारांची यादी वेळेवर आली, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती व्यवस्थित लावलेल्या होत्या आणि समाजकार्यकर्ता पदासाठी सुचविलेले बहुतेक जण एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीधर) होते. परंतु त्यांची निवड ज्या लेखी चाचणीवर झाली होती, ती बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मधील तरतुदींवर बेतलेली वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका होती. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील वैधानिक समितीसमोर, हजर करावे लागते, हे उमेदवाराला ठाऊक असणे आवश्यकच आहे. मात्र रात्री उशिरा पोलिसांनी आणून सोडलेल्या, भेदरलेल्या मुलाला तो कसा सामोरा जाईल, हे त्या प्रश्नपत्रिकेतून कळण्याचा मार्ग नव्हता. आधीच्या नोकरीतील वरिष्ठांना दूरध्वनी करण्याची तसदी या सेवेने घेतलेली नव्हती आणि पोलीस पडताळणीच्या रकान्यात ‘प्रक्रियेत’ असा एकच शेरा सर्वांच्या नावापुढे होता. मुलांच्या निवासी संस्थेत माणूस पाठवताना ही गोष्ट क्षम्य ठरत नाही. शेवटी ते दूरध्वनी आमच्या अधीक्षकांनी केले आणि त्यातून एक नाव आम्हाला यादीतून वगळावे लागले.

पदवीधर मिळत नाहीत म्हणून बाहेरून सेवा घ्यावी लागते, हा युक्तिवाद महाराष्ट्रात तरी टिकत नाही. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था मुंबईत १९३६ साली सुरू झाली, पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आहे, आणि आता अनेक जिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालये आहेत. माणसे आहेत, ती टिकत नाहीत. मिशन वात्सल्य या केंद्र शासनाच्या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षातील समाजकार्यकर्त्याचे व समुपदेशकाचे मासिक मानधन १८,५३६ रुपये, तर वस्त्यांवर फिरणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्त्याचे १०,५९२ रुपये आहे, आणि पदे कंत्राटी आहेत. आमच्यासारख्या स्वयंसेवी संस्थेला याहून फारसे अधिक देता येत नाही. रुग्णालयात किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागात जागा निघाली की उमेदवार तिकडे वळतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. या सेवेच्या करारात मात्र माणूस सोडून गेल्यास बदली उमेदवार देण्याची मुदत इतकी तोकडी होती की तिचा उपयोग होण्याआधीच ती संपली.

प्रशिक्षणाबद्दल मात्र वेगळे लिहावे लागेल. आठवडाभराच्या निवासी वर्गात कायद्यावर व्याख्याने होती, ती नेहमीसारखीच होती. खरी गुणवत्ता लेखनाच्या सरावात दिसली. बाल न्याय अधिनियमाखालील नमुना नियम, २०१६ मधील ‘नमुना ७’ म्हणजे प्रत्येक मुलासाठी स्वतंत्रपणे भरायचा वैयक्तिक काळजी आराखडा. बहुतेक संस्थांत तो तपासणीच्या आदल्या दिवशी एका बैठकीत भरला जातो आणि पन्नास मुलांचे आराखडे एकमेकांची नक्कल वाटतात, हे या क्षेत्रातील कोणीही मान्य करील. प्रशिक्षिकेने आमच्याच संस्थेतील, नाव व गाव झाकलेला एक आराखडा फळ्यावर उतरवला. त्यात ‘मुलगा हट्टी व अबोल आहे’ असे वाक्य होते. तिने ते खोडले आणि हे कोणी, केव्हा, काय पाहून लिहिले, असे विचारले. बऱ्याच वेळाने आमच्या गृहमातेने सांगितले, की सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तो जिन्याखाली जाऊन बसतो, हाक मारली की येतो, पण का बसलास असे विचारले तर उत्तर देत नाही. प्रशिक्षिकेने तेच शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहून घेतले आणि समुपदेशकाने याच वाक्यापासून सुरुवात करावी, असे सांगितले. पदवी नसलेल्या गृहमातेचे निरीक्षण पदवीधराच्या शेऱ्यापेक्षा उपयोगाचे असू शकते, हे एरवी सभेत सांगून कोणाला पटले नसते.

लैंगिक अत्याचाराविषयी मूल स्वतःहून काही सांगू लागले तर काय करावे, यावरील सत्रही नेमके होते. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये, कारण पॉक्सो अधिनियम, २०१२ (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) च्या कलम १९ नुसार माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि दिलेले वचन मोडावेच लागते. तसेच तोच प्रसंग मुलाला पुन:पुन्हा वदवून घेऊ नये, हे प्रात्यक्षिकातून शिकवले गेले. वाढदिवसाची छायाचित्रे देणगीदारांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करणाऱ्या, बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ मध्ये कशी बसते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, हे ऐकून वर्गातील काही जणांनी त्याच मधल्या सुट्टीत भ्रमणध्वनी काढून छायाचित्रे पुसली. (विश्वस्तांनाही हे सत्र सक्तीचे करावे, असे माझे मत आहे.)

उणीव राहिली ती उदाहरणांत. अभ्यासासाठी दिलेली प्रकरणे जवळजवळ सर्व महानगरांतील होती : रेल्वे फलाटावरील मूल, सिग्नलवरील मूल, घरकामाला ठेवलेली मुलगी. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीच ऊसतोड कुटुंबांतील असतात आणि त्यांच्या प्रकरणात अडचण निराळीच असते. बाल कल्याण समितीच्या चौकशीसाठी मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत पूर्ण करावा लागतो. गाळप हंगामात कार्यकर्ता मुलाच्या मूळ गावी पोहोचतो तेव्हा घराला कुलूप असते किंवा केवळ आजी असते. आईवडील मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपोटी (आगाऊ रकमेपोटी) दोन जिल्हे पलीकडे कारखान्याच्या तळावर असतात, आणि टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत असते. नवखा कार्यकर्ता अशा वेळी ‘पालक आढळून आले नाहीत’ असे लिहून मोकळा होतो. त्या एका ओळीमुळे आईवडील असलेले मूल कागदोपत्री निराधार ठरण्याच्या मार्गाला लागते. मुकादमाचे नाव कोणाकडून मिळवावे, कारखान्याच्या शेती विभागाकडून टोळीचा ठावठिकाणा कसा काढावा, तळ ज्या जिल्ह्यात आहे तेथील बाल संरक्षण कक्षाची मदत कशी मागावी, यांपैकी काहीही वर्गात शिकवले गेले नाही. आम्ही हे लेखी कळवल्यावर पुढील तुकडीसाठी एक प्रकरण तयार करून देण्याची विनंती आम्हालाच करण्यात आली. विनंती योग्यच होती. शुल्कात सवलत मिळाली असती तर ती अधिक योग्य वाटली असती.

करारातील तिसरी बाब, म्हणजे प्रशिक्षणानंतरची पाहणी, ही या सेवेची सर्वांत मोलाची बाजू. पर्यवेक्षिका ठरल्याप्रमाणे येत असे, कार्यालयात न बसता कार्यकर्त्याबरोबर गृहभेटीला जात असे आणि परतल्यावर त्याचा अहवाल त्याच्याच शेजारी बसून वाचत असे. प्रश्न तिचे ठरलेले असत : हे तुम्ही पाहिले की ऐकले, कोणाकडून ऐकले, आणि मुलाला स्वतःला काय हवे ते कोठे लिहिले आहे? ‘पालक आढळून आले नाहीत’ हे वाक्य तिने दोन वेळा परत पाठवले. दुसऱ्या वेळी कार्यकर्त्याने गावातील किराणा दुकानदाराकडून मुकादमाचा क्रमांक मिळवला आणि मुलाच्या आईशी बोलणे झाले. बाल कल्याण समितीकडून आमचे अहवाल त्रुटींसह परत येण्याचे प्रमाण त्यानंतर जाणवण्याइतके कमी झाले.

शुल्काची रचना मात्र संस्थांना चुकीच्या निर्णयाकडे ढकलते. प्रशिक्षण माणशी आकारले जाते, त्यामुळे विश्वस्त साहजिकच पदवीधर पदांवरील दोघा-तिघांना पाठवतात आणि गृहमाता, रात्रपाळीचे काळजीवाहक, स्वयंपाकी यांना वगळतात. मुलाचा दिवसातील सर्वाधिक वेळ यांच्याच सहवासात जातो; मारहाणीच्या तक्रारीही त्यांच्याच पाळीत उद्भवतात, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८२ नुसार शारीरिक शिक्षेबद्दल दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याला नोकरी गमवावी लागते. आम्ही गृहमातेला पाठवले ते अधीक्षकांच्या आग्रहामुळे. संस्थेत येऊन सर्व कर्मचाऱ्यांसाठी एकत्रित वर्ग घेण्याचा पर्याय माहितीपत्रकात नाही, परंतु विचारल्यास तो ठोक रकमेत उपलब्ध होतो. मुलांच्या मानसिक आरोग्याविषयीचा भाग वेगळे पैसे देऊन घेण्याचे कारण नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील ‘संवाद’ हा केंद्र शासनाचा उपक्रम त्या विषयावर बाल संरक्षण कर्मचाऱ्यांना अधिक सखोल प्रशिक्षण देतो.

यंदा आम्ही भरतीचे कलम काढून टाकले आहे. मुलाखत आमचे अधीक्षक व समाजकार्य महाविद्यालयातील एक निवृत्त प्राध्यापिका मिळून घेतात. उमेदवाराला एक संध्याकाळ, अधीक्षकांच्या उपस्थितीत, मुलांच्या अभ्यासाच्या व जेवणाच्या वेळी संस्थेत थांबण्यास सांगितले जाते आणि पोलीस पडताळणीचा दाखला हाती आल्याशिवाय नियुक्तिपत्र दिले जात नाही. प्रशिक्षण व पाहणीचा करार त्याच सेवेशी नव्याने केला असून, पर्यवेक्षिकेच्या भेटींपैकी निदान दोन भेटी गाळप हंगामात व्हाव्यात, अशी अट त्यात घातली आहे.