ऑडी क्यू-५ ठेवावी की थार रॉक्स घ्यावी?

घर बेळगावात नि शेत जांबोटीकडे असलं की गाडीची खरी परीक्षा पावसाळ्यात. पुणे-बेंगळुरू हायवेवर क्यू-५ला तोड नाही. शंभरच्या वेगातही मागच्या सीटवरची कुजबुज ऐकू येते. रॉक्समध्ये वाऱ्याचा आवाज येतो, खड्ड्यात मागचे हलतात, आणि साडी नेसलेल्या आजीला चढताना हँडल धरावंच लागतं.

कणकुंबीच्या अलीकडे कच्च्या वाटेला वळलात की मात्र पारडं फिरतं. क्यू-५ची क्वाट्रो यंत्रणा चारही चाकांना ताकद देते, पण वेग घटवून ओढ वाढवणारा लो-रेंज गिअर नाही. लाल चिखलातला खडा चढ मुंगीच्या चालीनं चढायचा तर तोच लागतो. २०२४ साली आलेल्या रॉक्सच्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मॉडेलमध्ये तो आहे. ६५० मिमी खोल पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. हे मॉडेल फक्त डिझेलमध्ये मिळतं, बरं का! पेट्रोल रॉक्स मागच्याच चाकांवर पळते. स्वस्त म्हणून ती उचलली तर सगळा खटाटोप फुकट.

कर्नाटकात २० लाखांवरच्या नव्या गाडीला १८ टक्के आजीवन कर, वर सेस. तो हिशोब आधी मांडा. शेतावर स्वतः जात असाल तर रॉक्स. शेत दुसऱ्याला कसायला दिलं असेल, तर क्यू-५ला नवे टायर घाला.