ग्रामीण ब्रॉडबँडसाठी स्टारलिंक : तबकडी पोहोचते, पण जोडली किती माणसे जातात?

स्टारलिंक ही स्पेसएक्स या कंपनीची उपग्रहांवरून इंटरनेट देणारी सेवा; ग्राहकाकडे बसवलेली तबकडी, म्हणजे अँटेना, उपग्रहांशी संपर्क साधते. तिची बहुतेक परीक्षणे वेगाच्या आकड्यापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. मी या सेवेला वेगळी कसोटी लावणार आहे. जिथे ऑप्टिकल फायबर आलेले नाही आणि मोबाइलचा मनोरा असूनही घरात शिरताच सिग्नल जातो, अशा वस्तीने ही सेवा घेतली, तर काही महिन्यांनी पूर्वी इंटरनेट न वापरणारी किती माणसे ते वापरू लागतील, हा माझा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील शहरी लोकसंख्येपैकी ८३ टक्के लोक इंटरनेट वापरतात, तर ग्रामीण लोकसंख्येपैकी ४८ टक्के. आणि त्या वेळी इंटरनेटबाहेर असलेल्या सुमारे २६० कोटी लोकांपैकी १८० कोटी ग्रामीण भागात राहत होते. ग्रामीण भागासाठीची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कोणत्याही सेवेचे मोल या माणसांच्या संदर्भातच ठरवायला हवे, असे मला वाटते.

आधी तिचे मोठे यश सांगतो, कारण ते खरोखर मोठे आहे. उपग्रहावरून इंटरनेट देण्याचा मार्ग जुना आहे, परंतु त्या जुन्या सेवांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. आपल्या संगणकाने पाठवलेली मागणी वर जाऊन खाली येते आणि उत्तरही त्याच वाटेने परतते. एवढ्या प्रवासाला प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद लागतो आणि प्रत्यक्षात तो विलंब सहाशे मिलिसेकंदांच्या पुढे जातो. स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर फिरतात, त्यामुळे जमिनीवरील ग्राहकांसाठी कंपनी साधारण २५ ते ६० मिलिसेकंद विलंब सांगते. स्पेसएक्सने मे २०१९ मध्ये असे ६० उपग्रह एकाच उड्डाणात सोडले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये उत्तर अमेरिकेत चाचणी स्वरूपात ग्राहकांना सेवा दिली. नंतरच्या उपग्रहांत आपसांत लेसरने संपर्क साधण्याची सोय आली, म्हणून जवळपास भूस्थानक, म्हणजे उपग्रहाला जमिनीवरच्या इंटरनेटशी जोडणारे केंद्र, नसलेल्या बेटांवर आणि दुर्गम प्रदेशांतही जोडणी मिळू शकते.

विलंबातील हा फरक सरावलेल्या माणसाला सोयीचा वाटतो. नवशिक्यासाठी तो निर्णायक असतो. एक साधे पान उघडतानाही संगणक आणि सर्व्हर यांच्यात अनेक फेऱ्या होतात, त्यामुळे प्रत्येक फेरीतला अर्धा सेकंद साठत जातो. अर्जावरचे बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच हलले नाही, तर ज्याला सवय आहे तो थांबतो, पण जो पहिल्यांदाच अर्ज भरतो आहे तो आपलेच काहीतरी चुकले असे समजून बटण पुन्हा दाबतो, मग मागे जातो, मग भरलेली माहिती पुसली जाते आणि शेवटी तो दुसऱ्या कोणाला तरी फोन हाती देऊन मोकळा होतो. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलताना दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि दोघेही थांबतात, हे सुद्धा विलंबामुळेच होते. वेगाची जाहिरात करणारे या गोष्टीकडे क्वचितच लक्ष देतात, परंतु आत्मविश्वास वाढवणारी जोडणी म्हणजे लगेच उत्तर देणारी जोडणी, आणि इथे स्टारलिंक जुन्या उपग्रह सेवेच्या फार पुढे आहे.

बसवणे सोपे आहे. अँटेना हलत्या उपग्रहांचा मागोवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेते, म्हणून तिला मोठे आकाश मोकळे लागते. अ‍ॅपमध्ये फोनच्या कॅमेऱ्याने आकाश तपासून झाडे किंवा भिंती कुठे आड येतील ते आधीच पाहता येते. ही तपासणी टाळू नये. आकाशाचा थोडासा भाग झाकला गेला तरी वेबपाने वाचताना ते जाणवत नाही, पण थेट वर्ग किंवा कॉल मधूनमधून तुटत राहतो आणि दोष कशात आहे ते कोणालाच कळत नाही. पावसाच्या जोरदार सरीत सिग्नल कमजोर होतो, कारण वापरात असलेल्या लहरींना पाणी अडवते; सर ओसरली की जोडणी पूर्ववत होते.

ग्रामीण वापरात खरा कस लागतो तो विजेचा, आणि या मुद्द्यावर मी अधिक थांबणार आहे. कंपनीच्या माहितीनुसार प्रमाणित संच सरासरी ७५ ते १०० वॅट वीज घेतो. चोवीस तास चालू ठेवला, तर दिवसाला १.८ ते २.४ युनिट वीज लागते. शहरातल्या घराला ही बाब किरकोळ आहे. जिथे वीज दिवसातून काही तासच असते किंवा जनरेटरवर मिळते, तिथे मात्र हाच आकडा इंटरनेट किती वेळ चालेल ते ठरवतो. दक्षिण चिलीतील सोतोमो या लहानशा, विजेच्या सार्वजनिक जाळ्याबाहेरच्या वस्तीत २०२१ साली शाळेच्या छतावर स्टारलिंकची तबकडी बसली आणि त्या जोडणीचा उपयोग शाळेबरोबर गावकऱ्यांनाही करता येऊ लागला. परंतु इंधन मर्यादित असल्यामुळे ती सुरुवातीला दुपारी बारा ते मध्यरात्रीपर्यंतच चालवली जात होती. आकाशातून येणारी सेवा अखेर जमिनीवरच्या इंधनाने मोजली गेली. म्हणून अशा ठिकाणी सौर पॅनेल आणि बॅटरी यांचा खर्च हा जोडणीच्याच खर्चाचा भाग धरला पाहिजे, आणि शक्य असेल तर २५ ते ४० वॅटवर चालणारा ‘मिनी’ संच निवडावा. त्याचा वेग काहीसा कमी असतो. तरीही दिवसभर चालणारी मध्यम वेगाची जोडणी ही संध्याकाळी बंद पडणाऱ्या वेगवान जोडणीपेक्षा गावाच्या अधिक कामाची असते.

आता क्षमतेविषयी. एका भूभागावरच्या सर्व ग्राहकांमध्ये उपग्रहांची क्षमता वाटली जाते. इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या ओकला या संस्थेच्या मोजणीनुसार अमेरिकेत स्टारलिंकचा मध्यक डाउनलोड वेग २०२२ च्या पहिल्या तिमाहीत सुमारे ९० मेगाबिट प्रति सेकंद होता आणि त्याच वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत तो सुमारे ५३ वर आला. ग्राहक वाढले की काय होते, ते यातून दिसले. उपग्रह वाढल्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला तो शंभराच्या वर गेला, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या संघीय संचार आयोगाने ग्रामीण ब्रॉडबँडसाठीच्या लिलावात स्पेसएक्सला प्राथमिक पातळीवर मिळालेले सुमारे ८८.५ कोटी डॉलरचे अनुदान ऑगस्ट २०२२ मध्ये नाकारले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. कबूल केलेला १०० मेगाबिट डाउनलोड आणि २० मेगाबिट अपलोड हा वेग देता येईल हे कंपनीने पटवून दिले नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. कंपनीला तो निर्णय मान्य नव्हता. माझ्या मते लक्ष ठेवायचे ते अपलोडवर. शिक्षिका धड्याचे चित्रण पाठवते, आरोग्य केंद्र तपासणीच्या प्रतिमा पाठवते, शेतकरी रोगट पानाचे छायाचित्र पाठवतो. सार्वजनिक वापर पाहण्यापुरता राहिला नाही की अपलोड आधी अपुरे पडते.

इथवर तांत्रिक बाजू झाली आणि तिच्यावर मी या सेवेला चांगले गुण देईन. समावेशाच्या बाजूवर मात्र मी समाधानी नाही. मागणी नोंदवणे, पैसे भरणे, संच बसवणे, बिघाड कळवणे, ही कामे बहुतांशी वेबसाइट किंवा अ‍ॅपमधून करायची असतात. म्हणजे ज्याच्याकडे स्मार्टफोन, ऑनलाइन पैसे भरण्याची सोय आणि लेखी तक्रार नेमक्या शब्दांत मांडण्याची सवय आधीपासून आहे, त्याच्यासाठी ही रचना अत्यंत सुटसुटीत आहे. इंटरनेटपासून दूर राहिलेल्या माणसाकडे नेमक्या याच गोष्टी नसतात. जे आधीच जोडलेले आहेत त्यांची जोडणी ही सेवा उत्तम करते. पहिल्यांदा जोडले जाणाऱ्यांसाठी तिच्याकडे स्वतःची अशी कोणतीही वाट नाही, आणि मला तिचा सर्वांत मोठा उणेपणा तोच वाटतो.

खर्चाचेही तसेच आहे. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित ब्रॉडबँड आयोगाने २०२५ पर्यंतचे लक्ष्य ठेवले होते, की प्राथमिक ब्रॉडबँडचा मासिक खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी असावा. गरीब देशांत वैयक्तिक उपग्रह जोडणी या मर्यादेत बसणे कठीण आहे, शिवाय संचाची किंमत एकरकमी भरावी लागली तर पहिल्याच पायरीवर बहुसंख्य कुटुंबे मागे राहतात. म्हणून एका घराऐवजी ग्रंथालय, शाळा, आरोग्य केंद्र किंवा सहकारी संस्था यांनी जोडणी घेऊन ती सर्वांसाठी खुली करणे, हा मला एकमेव व्यवहार्य मार्ग दिसतो. त्यासाठी योजना काळजीपूर्वक निवडावी लागते, कारण घरगुती योजनेच्या अटींत जोडणीची पुनर्विक्री करण्यास मनाई आहे. वापरणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचे असेल, तर संस्थांसाठीच्या योजनेची लेखी चौकशी आधीच करून घ्यावी आणि त्या देशाच्या दूरसंचार नियमांत असे वाटप बसते का, तेही पाहावे.

जोडणी खुली केली म्हणजे लोक आपोआप येतात, हा समज फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही. जीएसएमए या मोबाइल उद्योगाच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार मोबाइल ब्रॉडबँडच्या कक्षेबाहेर राहणारे लोक जगात सुमारे ४ टक्के उरले आहेत, तर कक्षेत राहूनही मोबाइल इंटरनेट न वापरणारे सुमारे ३९ टक्के आहेत. तबकडी पहिल्या गटाचा प्रश्न सोडवते. दुसऱ्या गटाला परवडणारे उपकरण हवे असते, आपल्या भाषेतला मजकूर आणि कीबोर्ड हवा असतो, फसवणुकीची भीती कमी करणारे कोणीतरी हवे असते, आणि या सर्वांच्या आधी इंटरनेट आपल्याला कशासाठी हवे याचे स्वतःला पटलेले कारण हवे असते. हे कारण प्रत्येकाचे निराळे असते. कोणाला परदेशी असलेल्या मुलाचा चेहरा पाहायचा असतो, कोणाला निवृत्तिवेतन का अडले ते शोधायचे असते, कोणाला शिवणकामाचा नवा नमुना हवा असतो. शिकवण्याची सुरुवात या कारणापासून केली की माणूस टिकतो, असा माझा अनुभव आहे. संगणकाचे भाग आणि त्यांची कार्ये यांपासून केली की दुसऱ्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या दिसतात.

म्हणून सार्वजनिक जोडणीसाठी पैसे उभे करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की संचाइतकीच तरतूद तिथे बसणाऱ्या माणसासाठी करावी. ती व्यक्ती तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. तिला गाव ओळखत असावे, तिने दुसऱ्याच्या हातून फोन काढून न घेता त्यालाच बटण दाबू द्यावे, आणि विचारलेला प्रश्न बाहेर कोणाला सांगू नये. शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण आजारपण, कर्ज किंवा घरातला त्रास यांविषयी शोध घ्यायला येणारी स्त्री खोलीत गर्दी असेल तर काही न विचारताच परत जाते. स्त्रियांसाठी राखीव वेळ ठेवावी आणि संगणकांचे पडदे भिंतीकडे पाठ करून बसणाऱ्यालाच दिसतील असे मांडावेत. एवढ्या दोन गोष्टींनीही येणाऱ्यांची संख्या बदलते.

स्टारलिंक घ्यावे की फायबरची वाट पाहावी, असा प्रश्न मला विचारला जातो. फायबर शक्य असेल, तर फायबरच घ्यावे. इंग्लंडच्या लँकेशायरमधील ग्रामीण रहिवाशांनी २०११ मध्ये ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ ही समाजहिताची संस्था स्थापन केली, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून केबल नेऊ दिली, स्वयंसेवकांनी चर खणले आणि घरोघरी दोन्ही दिशांना गिगाबिट वेग पोहोचवला. केबल टाकता टाकता त्या लोकांना आपले जाळे समजले आणि त्याची मालकीही समाजाकडेच राहिली. उपग्रह सेवेत असे काही घडत नाही. उपग्रहांचे आयुष्य सुमारे पाच वर्षांचे असते, त्यांची जागा नव्या उपग्रहांनी घेत राहणे एकाच कंपनीच्या निर्णयावर अवलंबून असते, आणि दर किंवा अटी बदलल्या तर गावाच्या हाती काहीच नसते. डोंगर, वाळवंट, बेटे किंवा विरळ वस्ती यांमुळे फायबरला अनेक वर्षे लागणार असतील, तर मात्र तोवर मुलांचे शिक्षण आणि रुग्णांचे सल्ले थांबवून ठेवणे मला मान्य नाही. अशा ठिकाणी ही सेवा निःशंकपणे घ्यावी.

घेताना करार संस्थेच्या नावे करावा, खात्याचा पासवर्ड किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा, आणि राउटरपासून पुढचे जाळे, म्हणजे केबल, वाय-फायची जोडउपकरणे आणि बॅटरी, अशा प्रकारे उभारावे की उद्या फायबर आले तर फक्त तबकडीकडून येणारी एक तार बदलावी लागेल.