साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी: सांगलीच्या सराफ कट्ट्यावरील एका पेढीचा अनुभव

धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी सराफ कट्ट्यावरील एका जुन्या पेढीतून आम्ही हिऱ्याची अंगठी घेतली. दुकान लहान आहे, बसायला जागा बेताची आहे. पण आपल्या मालाविषयी खरे तेच सांगणारा सराफ हवा असेल, तर ही पेढी पाहावी असे मी आवर्जून सुचवेन.

आमच्या घरी साखरपुड्यात मान साखरेचा, नारळाचा आणि साडीचा. अंगठी नंतर आली आणि तीही सोन्याची. मग हिरा म्हणजेच अखंड प्रेम, हे ठरवले कोणी? मालकांनी उत्तर टाळले नाही. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने १४७७ मध्ये बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिल्याचा दाखला नेहमी दिला जातो; मात्र पुढची कित्येक शतके ही चैन राजेरजवाड्यांपुरतीच राहिली, कारण अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा देश मुख्यतः भारतच होता. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांचे साठे हाती लागले, माल मुबलक झाला, आणि १८८८ मध्ये स्थापन झालेल्या डी बीअर्स कंपनीने पुरवठा मुठीत ठेवून भाव पडू दिले नाहीत. हिरा कायमचा असतो, अशा अर्थाचे त्यांचे जगप्रसिद्ध वाक्य फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात लेखिकेने १९४७ मध्ये लिहिले. हिरा विकायला बसलेला माणूस हे गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगतो, याचे मला फार अप्रूप वाटले. आत्याने मात्र वेगळाच प्रश्न काढला. नवरत्नांत हिरा शुक्राचा, तेव्हा मुलीला तो लाभेल ना? ते ज्योतिषाला विचारा, मी खड्याची जात आणि वजन सांगू शकतो, असे मालक नम्रपणे म्हणाले.

खडा त्यांनी भिंगाखाली धरून आम्हालाच पाहायला लावला. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला बारीक क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून दाखवला. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणून आमच्या तीस सेंटच्या (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) हिऱ्याचे वजन साठ मिलिग्रॅम; ते सोन्याच्या वजनातून वजा करून बिलात वेगळे लिहिले होते. बावीस कॅरेटचे (सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता, वजन नव्हे) सोने मऊ पडते, म्हणून अंगठी अठरा कॅरेटमध्ये घडवली असून तिच्यावर ७५० चा (हजारात ७५० भाग शुद्ध सोने) हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख-संकेत, आहे. प्रयोगशाळेत तयार केलेले हिरे स्वतंत्र ट्रेमध्ये असतात. तेही अस्सल कार्बनचेच असतात, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, भाव मात्र बराच कमी असतो, हे न विचारता सांगितले गेले.

दोन गोष्टी खटकल्या. मोडीच्या वेळी हिऱ्याची किती रक्कम धरणार, हे आधी तोंडीच सांगण्यात आले. बिलावर लिहून घेण्यासाठी आम्हाला आग्रह धरावा लागला. शिवाय सहा प्रॉंगचा (खडा धरून ठेवणाऱ्या आकड्यांचा) उंच घाट दिसायला देखणा असला, तरी पैठणीच्या जरीत अडकतो, याची कल्पना आम्हाला कोणी दिली नव्हती. तक्रार केल्यावर त्यांनी घाट उतरवून दिला आणि त्याची घडणावळ घेतली नाही. लग्नसराईत मात्र अंगठी घडवून मिळायला वेळ लागतो, तेव्हा मुहूर्त ठरताच बोटाचे माप देऊन ठेवावे.